नववीतल्या मुलीची थाळी

सरकारी टिपणांत काही शब्द असे असतात की ते प्रथम कोणी लिहिले याचा शोध लागत नाही. एका मसुद्यातून दुसऱ्या मसुद्यात ते चालत येतात आणि सही करणारा अधिकारी त्यांच्याकडे दोनदा पाहतही नाही. किशोरवयीन मुलींच्या आरोग्याविषयीच्या कागदपत्रांत असा एक शब्दप्रयोग हमखास भेटतो : 'भावी माता'. मुलींना लोह द्यायचे, कारण त्या भावी माता आहेत. त्यांचे वजन वाढले पाहिजे, कारण अशक्त आईला कमी वजनाचे बाळ होते. त्यांनी शिकले पाहिजे, कारण शिकलेली आई मुलांना वेळेवर लस टोचून घेते. यातील प्रत्येक विधान खरे आहे आणि त्याला शास्त्रीय आधारही आहे. माझा आक्षेप निराळा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला आज प्रार्थनेच्या रांगेत चक्कर आली, तर ती तिला आली आहे, आणि आज आली आहे. दहा वर्षांनंतरच्या बाळाचा हवाला दिल्याशिवाय त्या चक्करेची दखल घेता येऊ नये, हे मला पटत नाही.

माझे शिक्षण अर्थशास्त्राचे, आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत, महाराष्ट्राबाहेर गेली. योजनांचे मूल्यमापन, निधीचा आढावा, राज्यांबरोबरच्या बैठका अशी कामे करताना या विषयाच्या फायली माझ्या टेबलावरून अनेकदा गेल्या. शाळा आणि अंगणवाड्याही पाहिल्या. पुढील मते अर्थातच माझी व्यक्तिगत आहेत.

'भावी माता' हा केवळ शब्दाचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. योजनांची रचनाच त्या शब्दाने ठरवली आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या पूरक आहाराचे लाभार्थी होते सहा वर्षांखालची बालके, गर्भवती स्त्रिया आणि स्तनदा माता. म्हणजे सहा वर्षांची झाली की मुलगी या आहारातून बाहेर पडे, ती गर्भवती झाली की परत आत येई. मधल्या बारा-पंधरा वर्षांत तिला भूक लागते हे योजनेच्या लेखी नव्हते. ही पोकळी भरण्यासाठी २००० साली किशोरी शक्ती योजना आली. २०१०-११ मध्ये 'सबला' आली. ती सुमारे दोनशे जिल्ह्यांतील ११ ते १८ वयाच्या मुलींसाठी होती आणि पूरक आहारासाठी दर मुलीमागे दिवसाला पाच रुपये ठेवले होते. २०१८ पासून ती शाळाबाह्य अशा ११ ते १४ वयाच्या मुलींपुरती आकुंचित झाली. २०२१-२२ मध्ये ती 'पोषण २.०' मध्ये विलीन झाली आणि १४ ते १८ वयोगट परत आला, पण फक्त आकांक्षित जिल्ह्यांत आणि ईशान्येकडील राज्यांत. याचा व्यवहारातील अर्थ असा, की नंदुरबारमधील सोळा वर्षांची मुलगी योजनेत बसते आणि शेजारच्या धुळ्यातील तशीच मुलगी बसत नाही. दोघींच्या रक्तातील लोह जिल्ह्याची हद्द ओळखत असेल असे मानायला आधार नाही.

गर्भ राहिल्यानंतर मात्र सरकारचा हात सैल होतो. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. हे मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु डायन कॉफी या अभ्यासिकेने २०१५ साली दाखवून दिले होते, की भारतात गर्भधारणेच्या वेळीच सुमारे ४२ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी असते. तिने वापरलेली आकडेवारी २००५-०६ च्या पाहणीची होती आणि त्यानंतर परिस्थिती थोडीफार सुधारली आहे. तरीही नऊ महिन्यांत मागच्या पंधरा वर्षांची भरपाई होत नाही. म्हणजे 'भावी माता' हे धोरण स्वतःच्या कसोटीवरही उशिरा पोहोचते. हा युक्तिवाद प्रभावी आहे, वित्त विभागाला तो पटतो, आणि म्हणूनच माझे अनेक सहकारी तोच पुढे करतात. मी तो येथे नोंदवून बाजूला ठेवते, कारण त्याने मुलगी पुन्हा साधनच ठरते.

या बाबतीत सरकार समाजापेक्षा फार वेगळे वागत नाही, हेही खरे. आपल्याच घरांचा विचार करावा. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, मेथी हा लोह आणि उष्मांकांनी भरलेला सगळा साठा आपल्याकडे कोणासाठी निघतो? बाळंतिणीसाठी. चौदा वर्षांच्या मुलीने मूठभर हळीव मागितले तर "तुला कशाला आत्तापासून?" असे आजी म्हणणार. तामिळनाडूत मुलगी वयात आली की तिला उडीद, ताडगूळ आणि तिळाच्या तेलाची 'उळुंदंगळी' खाऊ घालतात, ही चाल मला अधिक शहाणपणाची वाटते. आसामात 'तोलनी बिया'च्या वेळी मात्र त्याच वयाच्या मुलीला काही दिवस केवळ फळांवर ठेवण्याची रूढी आहे. ओडिशात जूनच्या मध्यावर 'रज' हा सण येतो. पृथ्वी रजस्वला झाली असे मानून तीन दिवस नांगरट बंद असते. मुलींना घरकामातून सुट्टी मिळते, झाडाझाडांना झोके बांधले जातात, पोडपिठा खाल्ला जातो. मुलीचे शरीर, खाणे, विश्रांती आणि खेळ यांचा एकत्र विचार करणारा सण मी तरी दुसरा पाहिला नाही. आपल्या नागपंचमीच्या झोक्यांत आणि भोंडल्यात त्याचा काही अंश आहे. पण मंगळागौरीची झिम्मा-फुगडी, म्हणजे खरा दमसास लागणारा व्यायाम, परंपरेने लग्नानंतरच्या पाच वर्षांसाठी राखून ठेवला आहे!

आता आकड्यांकडे येऊ. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत मुलींचा आकडा ५४.१ होता. इतक्या गोळ्या वाटूनही तो वाढला कसा, यावर दिल्लीत पुष्कळ चर्चा झाली आणि बहुतेक चर्चा मोजणीच्या पद्धतीवर झाली. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून केलेले मापन शिरेतून घेतलेल्या रक्ताइतके विश्वसनीय नसते, हा आक्षेप योग्यच आहे. पण शिरेतील रक्तावर आधारलेले सर्वेक्षणही आपल्याकडे झाले आहे. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयी निघाले. पद्धत बदलली की आकडा खाली येतो, पण दोन्ही मोजण्यांत मुलींचे प्रमाण मुलग्यांच्या दुपटीच्या आसपास राहते. ही दुप्पट मोजणीच्या यंत्रातून आलेली नाही.

तिचे एक कारण शारीरिक आहे. पाळी सुरू झाली की दरमहा लोह शरीराबाहेर जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागते, मुलग्याला २६, आणि प्रौढ पुरुषाला १९. म्हणजे घरात ज्या व्यक्तीला सर्वांत जास्त लोहाची गरज आहे ती शाळकरी मुलगी आहे. तिच्या ताटात काय पडते ही गोष्ट मात्र कोणत्याच सर्वेक्षणात धड मोजली जात नाही. आमच्या शास्त्राचा यात मोठा दोष आहे. घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत आपण कुटुंबाचा खर्च घेतो आणि माणसांच्या संख्येने भागतो. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आला. 'दरडोई' हा शब्द इतका सफाईदार आहे की भाकरीही दरडोई वाटली जाते असे वाचणाऱ्याला वाटावे. अमर्त्य सेन आणि सुनील सेनगुप्ता यांनी १९८३ साली पश्चिम बंगालमधील दोन खेड्यांतील लहान मुलांच्या वजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गावातल्या, एकाच परिस्थितीतल्या मुली मुलग्यांपेक्षा अधिक कुपोषित असल्याचे त्यात दिसले. चाळीस वर्षांहून अधिक काळ हा निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो आहे. आपल्या पाहण्यांचा भागाकार तसाच आहे.

कर्नाटकातील एका सरकारी माध्यमिक शाळेत मी दुपारच्या जेवणाच्या वेळी होते. त्या राज्यात नववी-दहावीलाही शाळेत जेवण मिळते. घरच्या आणि इथल्या जेवणात काय फरक, असे मी दहावीच्या मुलींना विचारले. चवीबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. एक मुलगी म्हणाली, "इथे भात गरम असतो." घरी नसतो का? तर नसतो, कारण आधी अण्णा, मग भाऊ, मग आजी, आणि मग अम्मा आणि ती. सांबारातली डाळ तोवर इतरांच्या पानात गेलेली असते. ही तक्रार नव्हती. मी विचारले म्हणून तिने माहिती दिली.

लोहाच्या गोळीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सरकारची या विषयातील सर्वांत मोठी मोहीम तीच आहे. शाळांतून दर आठवड्याला एक गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ पासून देशभर आहे. २०१८ पासून 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' मोहिमेत किशोरवयीनांसाठी निळ्या रंगाची गोळी आली. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी. औषध म्हणून यात काहीही वावगे नाही. गोळी स्वस्त आणि उपयुक्त आहे. पण २०१३ च्या जुलैमध्ये कार्यक्रम सुरू होताच दिल्ली आणि हरियाणातील शाळांत मुलामुलींना मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू झाली, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच आठवड्यात बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या विषारी जेवणाने २३ मुले दगावली होती, त्यामुळे घबराट अधिकच पसरली. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. सूचनाही तशाच होत्या : गोळी जेवणानंतर द्यावी. प्रश्न असा, की नववीच्या वर्गात जेवण कोठे आहे?

झारखंडमधील खुंटी जिल्ह्यात एका शाळेत मी मुलींशी याच गोळीबद्दल बोलले. कागदावर त्या शाळेत वाटप जवळपास पूर्ण होते. शिक्षिका वर्गाबाहेर गेल्यावर मुली मोकळेपणाने बोलू लागल्या. गोळी घेतली की शौचाला काळे होते, ते पाहून घाबरायला होते. गोळी खाल्ली की पुढे मूल होत नाही, असे कोणाच्या तरी वहिनीने सांगितले आहे. तोंडाला लोखंडाची चव येते. सकाळी चहा पिऊन आलो आहोत, घरचे पहिले जेवण रात्री. मग गोळीचे काय करता? बऱ्याच जणी हसल्या. खिडकीबाहेर करंजाचे झाड होते. त्याच्या बुंध्याशी पाहा, असे एकीने सुचवले.

त्या मुलींना काळ्या शौचाचे कारण आधी कोणी सांगितले असते, चहाने लोहाचे शोषण कमी होते आणि लिंबू-आवळ्याने वाढते एवढे समजावले असते, तर निम्मे काम झाले असते. उरलेले निम्मे मात्र समजावण्याने होणारे नाही. पोषण सर्वेक्षणात जवळपास एक-तृतीयांश किशोरवयीनांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाचीही कमतरता आढळली होती, आणि ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. लोहाच्या गोळीत ते नाही आणि पालकाच्या भाजीतही नाही. शाळेतील अंड्यावर आपल्याकडे जी वादावादी होते तिच्यात मला शिरायचे नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबवला, एवढेच नमूद करते.

शाळेतील पाण्याचा विषय लहान वाटतो. मुली शाळेत पाणी पीत नाहीत, हे मी उत्तर प्रदेशपासून तेलंगणापर्यंत ऐकले आहे. पाणी प्यायले की जावे लागते, आणि जायला जागा नसते, किंवा असली तर तिला कडी नसते. २०१४-१५ मध्ये स्वच्छ विद्यालय मोहिमेत लाखो शौचालये बांधली गेली, हे मोठे काम होते. परंतु सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या शौचालयांची नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पाहणी केली. २०२० साली संसदेपुढे आलेल्या त्या अहवालानुसार, पाहणीतील ७२ टक्के शौचालयांत आत वाहते पाणी नव्हते. पाळीच्या दिवसांत या ७२ टक्क्यांचा अर्थ काय होतो ते मुलींना विचारावे. डोके दुखते, लघवीला जळजळते, आणि महिन्यातून तीन-चार दिवस शाळेच्या हजेरीपटावर फुल्या पडतात.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगभरातील ११ ते १७ वयाच्या मुलांच्या शारीरिक हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगात ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नाहीत आणि बहुतेक देशांत मुली मुलग्यांहून मागे आहेत, असे त्यात दिसले. भारतात मात्र दोघांमधले अंतर फारसे नव्हते. संशोधकांनी सुचवलेले कारण असे, की भारतातील मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात. हे वाचून मी बराच वेळ त्या पानावर थांबले. हृदयाच्या दृष्टीने बॅट फिरवणे आणि हंडा वाहणे सारखेच असेलही. पण एक जण दमून घरी येतो तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाण्यासाठी, दुसरी दमते आणि मग अभ्यासाला बसते. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील बिनपगारी कामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. ही पाहणी सहा वर्षे वयापासून सुरू होते. आपल्या देशात मुलीला आळशी म्हणण्याआधी हे २८९ मिनिटे आठवावेत.

खेळ हे दारिद्र्यामुळे परवडत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. झारखंडच्या सिमडेगा-खुंटी आणि ओडिशाच्या सुंदरगढ भागात 'खस्सी' स्पर्धा होतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या हॉकी संघाला बोकड बक्षीस मिळतो आणि गावजेवण होते. या भागांत मुली बांबूच्या काठ्यांनी हॉकी शिकल्या. निक्की प्रधान खुंटीची, सलीमा टेटे सिमडेग्याची. दोघी भारतीय संघातून ऑलिंपिक खेळल्या. उलट दिल्लीच्या सुखवस्तू वसाहतीत संध्याकाळी सहा वाजता मैदानावर मुलगे दिसतात आणि त्यांच्या बहिणी बाल्कनीत. सीबीएसईने २०१८ पासून नववी ते बारावीला रोज शारीरिक शिक्षणाचा तास सक्तीचा केला. किती शाळांत त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकला जातो याची कल्पना पालकांना असतेच.

सरकारने मुलींच्या व्यायामासाठी केलेली उत्तम कामे बहुधा व्यायामासाठी केलेलीच नव्हती. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी असताना साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली.  पाटण्याजवळच्या रस्त्यांवर सकाळी मुलींची रांग सायकलींवरून जाताना पाहिली आहे. मागे बसलेली मैत्रीण, वाऱ्यावर उडणारी ओढणी, एकमेकींना मागे टाकण्याची चढाओढ. तो त्यांच्या दिवसातला एकमेव तास असा होता, की ज्यात त्यांना कोणी थांबवत नव्हते. पण त्याच बिहारमध्ये, आणि बहुतेक राज्यांत, शाळेतील जेवण आठवीनंतर थांबते. ज्या वर्षी मुलीला सायकल मिळते त्याच वर्षी तिची थाळी जाते. ती चार-पाच किलोमीटर पायडल मारते ते चहावर.

शहरातील आपल्या मुलींची कथा वरवर उलट दिसते. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद येथे शिकायला वा नोकरीला आलेल्या मराठी मुली माझ्याकडे अधूनमधून जेवायला येतात. पोळीला तूप लावू का, असे विचारले की, "नको मावशी, अर्धीच पोळी." वजन उतरवण्याचे वेड, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यांना खोदून विचारावे. कार्यालयातून सुटायला रात्रीचे आठ, बागेत त्या वेळी एकटीने चालणे धोक्याचे, व्यायामशाळेत टक लावून पाहणारे पुरुष, वसतिगृहात पाण्यासारखी डाळ, आणि दर सुट्टीत घरी गेल्यावर दारातच ऐकू येणारे "जाड झालीस गं!" किंवा "किती वाळलीस!" यातले दुसरे वाक्य काळजीचे असते आणि पहिले स्थळांच्या चिंतेचे. २०२५ पासून वजन उतरवण्याची नवी इंजेक्शनेही बाजारात मिळू लागली आहेत. मधुमेहींना आणि खऱ्या स्थूल रुग्णांना ती वरदान आहेत, पण लग्नाआधी आठ किलो कमी करायला ती कोठे मिळतील, असे एका आईने मला फोनवर विचारले. मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिले. बाईने बाहेर असण्याला काही ना काही काम लागते, हे त्यांचे निरीक्षण मुलींच्या चालण्या-धावण्यालाही लागू आहे. धावायचे तर पदकासाठी, बारीक व्हायचे तर लग्नासाठी, खायचे तर बाळासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटचे वजन शंभर ग्रॅम जास्त भरले तेव्हा साऱ्या देशाने एका तरुण स्त्रीच्या खाण्यापिण्याची चर्चा केली, आणि तीही हुकलेल्या पदकामुळे.

प्रशासनात या मुलीचे चार तुकडे झाले आहेत. गोळी आरोग्य मंत्रालयाची, पोषण महिला व बालविकासाचे, जेवण आणि शौचालय शिक्षणाचे, मैदान क्रीडा मंत्रालयाचे. प्रत्येकाचा आपापला अहवाल असतो आणि तो साधारणपणे समाधानकारक असतो. चारही विभागांचे समन्वयन करणारी आणखी एक समिती नेमावी, असे मी सुचवणार नाही. तशा समित्यांवर मी बसले आहे. माझ्या मते एक काम आधी करण्यासारखे आहे, आणि त्याचा हिशेब सोपा आहे.

शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलासाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. मे २०२५ पासून लागू झालेल्या दराने त्याच्या साहित्याचा खर्च दर दिवशी १० रुपये १७ पैसे येतो, धान्य वेगळे. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला सुमारे २,२४० रुपये. धान्य, इंधन, मानधन मिळवून हा आकडा वाढेल हे उघड आहे. तरीही बिहारने वीस वर्षांपूर्वी एका सायकलवर जेवढे खर्च केले, साधारण तेवढ्यात नववीतील एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या थाळीतले डाळ, भाजी, तेल येते. तामिळनाडू आणि कर्नाटक हा खर्च दहावीपर्यंत करतात. थाळी असेल तर निळ्या गोळीला पोटात जागा मिळेल, आणि मैदानावर जाण्याइतके त्राणही अंगात राहील. शाळेच्या पंगतीत आधी कोण आणि नंतर कोण हेही वाढपी विचारत नाही.

एका बैठकीत मी हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मग नववीच्या मुलांनाही द्यावे लागेल?" अर्थात द्यावे लागेल, एकतीस टक्के रक्तक्षय काही थोडा नाही. इतिवृत्त आले तेव्हा त्यात एवढेच होते, की राज्यांनी आपल्या साधनांनुसार याचा विचार करावा. महाराष्ट्रात पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच आवारात भरणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. चूल तीच, पातेली तीच, खिचडी शिजवणाऱ्या ताईही त्याच. दुपारच्या सुट्टीत आठवीच्या मुली व्हरांड्यात रांगेने ताटे घेऊन बसतात, आणि नववीच्या मुली भिंतीकडेला आपले डबे उघडतात, ज्यांनी आणले असतील त्या.